आपापल्या जागेवर बसा

"मॅडम, आमच्याकडं भेदभाव औषधालासुद्धा मिळायचा न्हाई," मुख्याध्यापक म्हणाले आणि चहा पुढे केला.

मी शिक्षण विस्तार अधिकारी, म्हणजे तालुक्यात शाळा तपासत फिरणारी बाई. मंठ्याजवळच्या या जिल्हा परिषद शाळेबद्दल तक्रार होती, की चौथीत बौद्ध वस्तीतली मुलं मागे वेगळी बसवतात. तक्रार केली होती त्याच वर्गातल्या, वस्तीतल्या प्रज्ञाच्या आईनं, सुनंदाबाईंनी. तेव्हापासून गावात त्यांना कुणी शेतातल्या कामाला बोलवत नव्हतं. मी 'आढळले नाही' लिहिलं असतं तर तक्रार बंद आणि बाई कायमची खोटारडी.

व्हिजिटची तारीख शाळेला आधी कळवलेली. ही आमच्या खात्याची सभ्यता. वर्गात शिरले तर पाटलांची पोरगी वस्तीतल्या पोराशेजारी, सरपंचांचा नातू प्रज्ञाशेजारी. समतेचं प्रदर्शनच. मलाही घटकाभर पटलं. सांगायला लाज वाटते, पण 'आढळले नाही' लिहायला मी पेनचं टोपण काढलं होतं.

पोरं 'नमस्ते मॅडम' म्हणत उभी राहिली. मी सवयीनं म्हणाले, "बसा, आपापल्या जागेवर बसा."

पोरं आज्ञाधारक. सगळ्यांनी दप्तरं उचलली. अर्ध्या मिनिटात वस्तीतली मुलं मागच्या भिंतीला आणि बाकीची पुढे. मुख्याध्यापक हातवारे करत होते, पण त्यांना कुणी हिंग लावून विचारलं नाही.

"सवय हाय त्यांची," ते पुटपुटले.

"लावली कुणी?"



मी 'आढळले' लिहिलं. यापुढे मुलं हजेरी क्रमांकानं बसतील आणि मी अधूनमधून न कळवता येईन, असंही खाली लिहून सही केली. दुसऱ्याच दिवशी गावातल्या बड्या मंडळींनी पोरं घरी बसवली. एकानं फोन केला. "दाखले काढून नेतो, मंग बसा रिकाम्या वर्गात." मी म्हटलं, बिलकुल न्या, फक्त लेखी अर्ज द्या. अर्ज काही आला नाही. तीन दिवस पोरांनी घर डोक्यावर घेतलं आणि चौथ्या दिवशी आयांनीच त्यांना दप्तरासकट शाळेत हाकललं. सुनंदाबाई मात्र अजून शेजारच्या गावात मजुरीला जातात. त्याचा मला राग येतो, आणि आमच्या फॉर्ममध्ये त्यासाठी रकाना नाही.

महिन्याभरानं पुन्हा गेले. प्रज्ञा दुसऱ्या बाकावर, शेजारी पाटलांची पोरगी. मला बघताच प्रज्ञा ताडकन उठली.

"मॅडम, ही माझं पाहून गणितं लिहून राह्यली."

एवढ्या वर्षांच्या नोकरीत कुठल्या तक्रारीनं इतका आनंद झाला नव्हता. तिची चौकशी मी केली नाही.