धूरआबांच्या वहाणा

तमाम वाचकांना कळवण्यात येते की, आज मी एक अत्यंत गंभीर बाब जाहीर करणार आहे. काळीज हलकं असेल त्यांनी आधी घोटभर पाणी पिऊन घ्यावं. बाब अशी की, आमच्या गिरणाकाठच्या गावात पहिला ट्रॅक्टर ज्यांनी आणला, ते गृहस्थ तो अनवाणी चालवत असत.

चैत्राच्या उन्हात लोखंड तव्यासारखं तापायचं. त्यावर पायाखाली एक भिजवलेलं गोणपाट, आणि गोणपाटावर आबांचे काळे, भेगाळलेले, उघडे पाय. वहाणा मात्र मानाने पुढच्या बाजूला, पाण्याच्या टाकीच्या दोन्ही अंगांना एकेका खिळ्यावर टांगलेल्या. यंत्र चाललं की त्या अशा डोलायच्या की लांबून पाहणाऱ्याला बैल कान हलवत येतोय असंच वाटावं. त्याही आधी झाडांच्या वर धूर दिसायचा. म्हणून त्यांचं नाव धूरआबा. खरं नाव त्यांच्या आईला ठाऊक असेल.

आबा बोदवडकडचे. फाल्गुनात मळणीयंत्र ट्रॅक्टरमागे जुंपून निघायचे, भडगावपासून नदीकाठाने एकेका गावचा गहू काढत यायचे. चैत्र लागला की मळणीयंत्र कुणाच्या तरी खळ्यात ठेवून, नांगर लावून पडीक रानं फोडायला घ्यायचे. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की घरी. असा त्यांचा हंगाम.

अनवाणी का, हे मी त्यांना एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, "पहिल्या साली खळ्यात मशीन घेऊन गेलो. मळनी चालू केली, आन् एक म्हतारबुवा काठी घेऊन आला. म्हने, खळ्यात जोडे घालून कोन उभं ऱ्हायते रे? म्या म्हनलं, बुवा, मी खळ्यात नाही, मशीनवर उभा हाये. तर म्हने, मग मशीन कुठं उभी हाये?" आबा हसले. "उतरलो, काढले. तवापासून काढलेच." आणि मग गोणपाटावर पाणी शिंपडत म्हणाले, "ज्याच्यावर पोट चालते, त्याच्यावर पायतान घेऊन चढनं बरं नाही, पोरी."

खळ्यातला दुसराही नेम त्यांनी यंत्राला लावला होता. आमच्याकडे धान्याची रास मोजताना कुणी बोलत नाही. पहिलं माप भरायला हात गेला की आबा यंत्र बंद करत. सगळं गाव म्हणे, अहो, राहू द्या चालू, वेळ जातो. आबांचं उत्तर ठरलेलं: "मानसानं गप ऱ्हायचं आन् यानं बडबड करायची, याले काय वेगळा कायदा हाये?"

यंत्र बिघडलं, हा शब्द त्यांच्या तोंडी मी ऐकला नाही. ते रुसायचं, आळसायचं, कधी त्याचं पोट धरायचं. त्यांच्या कोटाच्या खिशात इतके नटबोल्ट असत की ते जेवायला बसले की पाटाशेजारी कुणी भांडी ओततंय असा आवाज यायचा. आणि जेवायचे एका गावी एकाच घरी. ज्याचं रान सगळ्यात वाईट, त्याच्या घरी. त्या हिशोबाने जेवू घालायचा मान आमच्या घराला आबांनी एका नजरेत दिला. आमचं रान बघून आले, हातपाय धुतले आणि विचारलं, "भरीत कधी करता?"

आता आमच्या रानाविषयी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. ही दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईआधीची गोष्ट. मी धुळ्याची, सातवी पास, लग्नाला पाच वर्षं झालेली. यजमान भुसावळला रेल्वेत. सासरे वारले होते, आणि नाल्याकाठचं वीस बिघे रान तीन वर्षं पडीक राहून त्यात कुंदा माजला होता. कुंदा म्हणजे असं गवत की वर विळा चालवला तर ते खाली जमिनीत हसतं. मुळं हातभर खोल. बैलांचा नांगर मोडायचा, कुंदा नाही. वर्षाच्या बोलीवर राबणारा एकही सालदार त्या रानाला हात लावेना.

तेव्हा सासऱ्यांचे थोरले भाऊ, नाना, यांनी पंचांसमोर गोष्ट मांडली: आखाजीला रान नांगरलेलं दिसलं तर बाईचं बाईने करावं. नाही तर यापुढे नाना करतील. नाना दुष्ट नव्हते. पण एकदा नानांनी करायला घेतलेलं रान परत येत नसे, हे गावाला माहीत होतं. आणि माझ्या सासूबाईंना, म्हणजे जिजींना, तर फारच माहीत होतं.

जिजींची अडचण अशी की त्या नानांशी भांडूही शकत नव्हत्या. नाना त्यांचे जेठ, म्हणजे थोरले दीर. जेठाशी बाई बोलत नाही. लग्नाला चाळीस वर्षं झाली, दोघं एका वाड्यात नांदली, पण एक शब्द समोरासमोर झाला नव्हता. मग काम कसं चालायचं? आमच्याकडे चंद्री नावाची म्हैस होती. तिच्यामार्फत. नानांचे करकर वाजणारे जोडे अंगणात ऐकू आले की जिजी पदर ओढून गोठ्यात जायच्या आणि म्हशीला म्हणायच्या, "चंद्री, त्यासले सांग, इहिरीना दोर तुटना शे." नाना अंगणातून म्हणायचे, "चंद्री, तिले सांग, उद्या नवा आनतस." चंद्री रवंथ करायची. तिच्याइतकी विश्वासू मध्यस्थ मी पुढे पाहिली नाही.

आबांनी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हातातला घास तसाच राहिला. मग मला हळूच म्हणाले, "म्हैस आटली तर?"

तर आखाजीला आठ दिवस असताना आबांनी आमच्या रानात नांगर घातला. नांगराचं पहिलं तास पडलं आणि ढेकळांतून कुंद्याची पांढरी मुळं उलथून उन्हात पडली, तेव्हा जिजी बांधावरून खाली उतरल्या. एक मूळ उचलून त्यांनी बघितलं आणि कमरेला खोचलं, घरी नेऊन उंबऱ्याशी, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायाखाली टाकायला.

तीन दिवस छान गेले. आणि मग जिजींनी जे केलं, ते खानदेशातली बाईच करू जाणे.

चौथ्या दिवशी भर दुपारी आबा बाभळीखाली आडवे झाले होते. ट्रॅक्टर उभा. टाकीच्या तोंडातून वाफ आणि थोडा फेस येत होता. जिजींनी तो फेस पाहिला आणि त्यांचा जीव कळवळला. राबून आलेल्या बैलाला आपल्याकडे काय देतात? गूळपाणी. त्यांनी बांधावरच्या शिदोरीतून गुळाचा मोठा खडा काढला, घागरीत कालवला. मी म्हटलं, "जिजी, ते यंत्र आहे." त्या म्हणाल्या, "राबनारा जीव शे. सकायपाईन त्याले कोन्ही गोड शब्द बी बोलनं नही." आणि मला झाकण उघडायला लावलं. मी पदराने धरून उघडलं. सातवी पास होते मी. ही माझ्या शिक्षणाची हकिकत.

दोन लोटे गूळपाणी त्याने मुकाट्याने घेतलं.

आबा उठले, हँडल मारलं, निघाले. दोन फेऱ्या झाल्या आणि रानावर काकवीचा वास दरवळला. तिसऱ्या फेरीला माश्या आल्या. चौथ्या फेरीला ट्रॅक्टर मध्येच थांबला आणि त्याने असा सुस्कारा टाकला की बाभळीवरचे कावळे उडाले. आबा उतरले. वाफ निवू दिली. झाकण काढलं, बोट बुडवलं आणि चाखलं. मग त्यांनी आमच्याकडे पाहिलं. जिजी नाल्यापलीकडच्या टेकडीचं निरीक्षण करत होत्या. मी जिजींचं.

तेवढ्यात करकर, करकर. नाना.

"काय आबा," नाना म्हणाले, "तुन्हा रेडा बसना का?"

आता आबांनी एक शब्द बोलायचा अवकाश होता. यंत्राला गूळ पाजणारी बाई म्हणून जिजींचं नाव पाच गावांत गेलं असतं, आणि असल्या बाईच्या हाती रान कसं द्यायचं, असं म्हणायला नाना मोकळे झाले असते. आबांनी झाकण घट्ट लावलं, बोट धोतराला पुसलं आणि म्हणाले, "लाडावला हाये जरा. या घरी त्याचे फार लाड होतात."

नाना नाक वर करून हवा हुंगत उभे राहिले. "काकवीना वास येस."

"मले तर रॉकेलचा येते," आबा म्हणाले. "तुमी भुकेजले असान."

नाना गेल्यावर आबा जिजींपुढे उकिडवे बसले. रागावले नाहीत. शाळेत गुरुजी सांगतात तसं सांगितलं, "आक्का, बैलाले गूळ. म्हशीले पेंड. याले फक्त साधं पानी. गरीब हाये तो." मग म्हणाले, "आता सोडा आना, आन् चूल पेटवा."

दीड दिवस आम्ही दोघी रानातच तीन दगडांच्या चुलीवर पाणी तापवत होतो. आबा सोड्याचं गरम पाणी टाकीत ओतत, काढत, पुन्हा ओतत. काळं, चिकट पाणी नाल्याला गेलं आणि त्या वर्षी आमच्या नाल्याइतके खूश मुंगळे जिल्ह्यात नसावेत. यंत्र चालू झालं, पण जुनी तब्येत आली नाही. एका फेरीला एक घागर पाणी मागायचं. मग जिजी एका टोकाला घागर घेऊन उभ्या, मी दुसऱ्या टोकाला. आबा आले की थांबत, आम्ही ओतत असू, आणि दर वेळी आबा गंभीरपणे विचारत, "साधंच हाये ना?"

आखाजीच्या आदल्या दिवशी, ऊन नाल्यापलीकडे गेलं तेव्हा शेवटचं तास नाल्याकाठी निघालं. आबांनी खिळ्यावरच्या वहाणा काढल्या, पायात घातल्या नाहीत. हातात धरून बांधापर्यंत चालत आले आणि म्हणाले, "आक्का, आज भरीत."

पुढे लढाई लागली आणि रॉकेल मिळेनासं झालं. दोन हंगाम आबांनी कसेबसे रेटले. तिसऱ्या वर्षी ते आले ते धूर न काढता, कुणाच्या तरी बैलगाडीत बसून, नुसतं भेटायला. यंत्र बोदवडला छपराखाली उभं होतं. "निजला हाये," म्हणाले, "उठवत नाही." जेवले, चंद्रीची चौकशी केली, रानाकडे निघाले. बांधाशी पोहोचल्यावर त्यांनी वहाणा काढून ठेवल्या आणि उभ्या कपाशीतून हिंडून आले. कुंद्याचं एक पातं कुठे सापडतं का ते बघत होते. सापडलं नाही. जाताना वहाणा घालायला वाकले, तेव्हा त्यांना उठायला माझा हात लागला. त्यानंतर ते दिसले नाहीत. बातमी आली ती भुसावळमार्गे, यजमानांच्या तोंडून, तीही महिन्याने. जिजींनी ऐकलं, उठल्या आणि वांगी भाजायला ठेवली.

आता आमच्या दारी आमचा स्वतःचा ट्रॅक्टर आहे. माझा मुलगा त्यावर बुटांसकट चढत नाही. का चढत नाही, ते त्याला नीट सांगता येत नाही. त्याला वाटतं, सगळीकडे असंच असतं.

रान आमचंच राहिलं, हे तुम्ही ओळखलंच असेल. नानांनी आखाजीच्या सकाळी दोन पंचांसमोर तसं सांगितलं, आणि तेही अनवाणी उभं राहून. ते का अनवाणी होते, हे मात्र मी आतापर्यंत लपवून ठेवलं आहे. ते सांगते आणि थांबते.

त्या सकाळी नाना पंचांना घेऊन रानात आले. काठीने ढेकळं उकरली, वाकून मुळं पाहिली, नाल्याच्या टोकापर्यंत जाऊन आले. खोट निघेना. पंच त्यांच्या तोंडाकडे बघत होते, पण नाना शब्द उच्चारीनात. ना होय, ना नाही. मी आणि जिजी पदर ओढून बांधावर. चंद्री घरी बांधलेली. नाना ट्रॅक्टरपाशी थांबले. त्याच्या चाकावर हात फिरवला. मग काय वाटलं कोण जाणे, इतके दिवस ज्याला रेडा म्हणत होते त्यावर एकदा बसून बघावं असं त्यांच्या मनात आलं, आणि त्यांनी करकरणारा एक जोडा वर पायरीवर ठेवला.

आबांनी पाहिलं. कुणा साहेबालाही आबांनी तसं चढू दिलं नसतं. पण अजून नानांचा शब्द यायचा होता, वीस बिघे रान त्या शब्दावर अडलं होतं, आणि आबा माझ्या सासूच्या रानासाठी आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसले. त्यांनी मान खाली घातली. त्यांच्या उघड्या पायांची बोटं ढेकळात रुतली, ते मला दिसलं. जिजींनाही दिसलं असावं.

कारण माझ्या शेजारून, चाळीस वर्षांत त्या माणसाने कधीही सरळ न ऐकलेला एक आवाज, म्हैस नाही, भिंत नाही, मी नाही, थेट नानांना म्हणाला,

"नाना, पहिले जोडा काढा."