मी बाबा गाते

एखाद्या माणसावर गाणे केले, तर ते करणाऱ्याचे होते की त्या माणसाचे? व्याकरणाची एक चूक दुरुस्त करायला गेले असताना हा प्रश्न माझ्यासमोर आला, आणि त्याचे उत्तर शोधण्यासाठी हे टिपण लिहायला घेतले.

सांगलीच्या एका शाळेत मी बरीच वर्षे मराठी शिकवले. पतीच्या नोकरीमुळे सिंगापूरला आल्यापासून शनिवारी दुपारी हौगांग भागातल्या एका इमारतीच्या तळमजल्यावर इथल्या मराठी मुलांचा वर्ग घेते. इथल्या शाळांत प्रत्येक मुलाला 'मदर टंग' नावाचा एक विषय असतो. त्यात मराठी हा पर्याय नाही, म्हणून आमची बहुतेक मुले हिंदी घेतात. मराठीचे काय ते आमच्या शनिवारच्या दोन तासांत.

गेल्या वर्षी काही शनिवार या वर्गाला एक पाहुणी लाभली. ती सामी होती, म्हणजे नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि रशिया यांच्या उत्तर टोकाला पिढ्यानपिढ्या राहत आलेल्या लोकांपैकी. ती गाते. आपल्या भागात ती सामी मुलांसाठी कार्यशाळा घेत असे आणि त्यांत गाणे, स्वतः काहीतरी रचणे आणि माणसाचे हक्क या गोष्टी एकत्रच शिकवत असे. इथल्या विद्यापीठात ती वर्षभरासाठी संशोधनाला आली होती. तिच्याच विभागात काम करणाऱ्या एका आईने तिला आमच्याकडे आणले. ती इंग्रजीत बोले. मुलांना त्याचे भाषांतर लागत नसे. मधूनमधून मलाच लागे, आणि ते पुरवताना मुलांना फार आनंद होई. तिच्याशी झालेले बोलणे इथे बहुतेक मराठीतच दिले आहे.

पहिल्या दिवशी तिने सांगितले, की तिच्या आजोबांच्या पिढीला शाळेत स्वतःची भाषा बोलायची बंदी होती. त्यांच्या गाण्याला योइक म्हणतात. तेही पाप समजले जाई. मग तिने विचारले, "तुमची भाषा कोणती?"

यिशुन या लांबच्या भागातून येणारी एक बारा वर्षांची मुलगी म्हणाली, "माय मदर टंग इज हिंदी. बट माय मदर्स टंग इज मराठी."

मुले हसली. पाहुणी हसली नाही. तिने ती दोन वाक्ये फळ्यावर एकाखाली एक लिहिली आणि सांगितले, की संख्येने थोड्या असलेल्या लोकांच्या मुलांना आपल्या माणसांत आपली भाषा बोलण्याचा, आपले गाणे गाण्याचा हक्क असतो. तिने पुढे असेही स्पष्ट केले, की तिच्या आजोबांना बंदी होती आणि आमच्या मुलांना कोणाचीही बंदी नाही, फक्त वेळापत्रकात जागा नाही. या दोन गोष्टी सारख्या समजू नयेत. वर्गात इतका नेमका फरक करणारे शिक्षक मी फार पाहिलेले नाहीत.

पुढच्या शनिवारी अभ्यास असा होता. ज्याला आपण जवळून ओळखतो, असा एक माणूस निवडायचा आणि त्याची चाल बांधायची. माणूस सुचला नाही, तर रोजची एखादी वस्तू घ्यायची. शब्द वापरायचे नाहीत. 'लो', 'ना', 'ला' असे सुटे ध्वनी चालतील. मुले खोलीभर पांगून गुणगुणू लागली. मी त्या यिशुनच्या मुलीला विचारले, "तू काय करते आहेस?"

"मी बाबा गाते."

"बाबांवर गाते, असं म्हण."

"नो, टीचर. बाबांवर नाही. मी बाबा गाते, ला."

इथे एक खुलासा केला पाहिजे. सिंगापूरच्या बोलण्यात वाक्याच्या शेवटी 'ला' येतो. त्याला अर्थ असा नसतो, जोर असतो. आमच्या मुलांच्या मराठीत विभक्तीचा 'ला' नामाला लागायचा विसरतो आणि हा दुसरा 'ला' वाक्याच्या शेपटाला येऊन बसतो. म्हणून ही नेहमीचीच चूक असे धरून मी फळ्याकडे वळले. 'बाबांवर' म्हटले की बाबा हा गाण्याचा विषय होतो. 'बाबांसाठी' म्हटले की ते श्रोते होतात. 'मी बाबा गाते' या वाक्यात मात्र, एरवी जिथे 'गाणे' हा शब्द असतो, त्या जागी बाबा जाऊन बसतात. एवढे लिहून होईपर्यंत मुलीने माझे म्हणणे पाहुणीला इंग्रजीत सांगून टाकले होते.

पाहुणी म्हणाली, "आमच्या भाषेत ती म्हणते तसंच म्हणतात. माणसावर योइक करत नाहीत. माणूस योइक करतात." मी ते वाक्य पुसले नाही.

मग एकेकाने आपली चाल ऐकवली. मुलीची चाल खालच्या सुरात सुरू झाली, दोन पावले चढली आणि 'म्' या एकाच ध्वनीवर थबकली. ती तोंड मिटून तिथेच थांबली, मग सूर सुटला आणि पुढचे भराभर आले. पुन्हा चढण, पुन्हा तेच थांबणे.

मागच्या बाकावरचा मुलगा म्हणाला, "अंकल बफरिंग आहेत का?"

सगळे हसले.

"बफरिंग नाही," ती म्हणाली. "तो 'म'वर थांबतो. मी पण त्याच्याबरोबर थांबते. तुला वेट करता येत नाही, तर तुझा प्रॉब्लेम."

तिचे वडील बोलताना अडखळतात. मी त्यांना ओळखत होते, पण ते मोजकेच बोलत, त्यामुळे हे माझ्या कधी ध्यानात आले नव्हते. लक्षात येऊ नये अशीच त्यांची बोलण्याची रीत होती.

कार्यशाळेच्या शेवटी पालकांसमोर कार्यक्रम व्हायचा होता. मुलीला ही चाल तिथे गायची होती. दुसरी करायला ती तयार नव्हती. पाहुणी तिला म्हणाली, "आधी त्यांना विचार. आमच्याकडे योइक करणाऱ्याचं नसतं. ज्याचं केलं, त्याचं असतं."

"पण केलं मी."

"केलंस तू. आहे त्याचं."

त्याच संध्याकाळी वडील तिला न्यायला आले. मुलगी त्यांना बाहेर खांबापाशी घेऊन गेली आणि म्हणाली, "बाबा, ऐक ना." तिने चाल गायली. मी दारात होते. त्यांनी शेवटपर्यंत ऐकले आणि विचारले, "हा मी?"

"मग कोण?"

ते थोडे हसले. नंतर माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, घरी गाऊ दे तिला हवं तेवढं. हॉलमध्ये नको. माझ्या ऑफिसातले दोघं येतात त्या कार्यक्रमाला. ऑफिसात मी आधी सगळं पाठ करून मग बोलतो." त्यांचे ऑफिस हार्बरफ्रंटला आहे आणि तिथे ते एका गटाचे प्रमुख आहेत. त्यांचे बोलणे इथे सलग लिहिले आहे. ते सलग नव्हते.

"मग मी काय गाऊ?" मुलगी म्हणाली. "माझ्याकडे दुसरं काही नाही."

"एमआरटीचं दार कर," वडील म्हणाले. एमआरटी म्हणजे इथली मेट्रो.

"ते ऑलरेडी त्या बफरिंगवाल्यानं केलंय."

"कोण बफरिंगवाला?" असे त्यांनी विचारले. तिने दप्तर त्यांच्या हातात दिले आणि ती पुढे चालू लागली.

नंतरच्या शनिवारी ती थेट पाहुणीकडे गेली. "तूच म्हणालीस ना, मुलांना एक्स्प्रेशनचा राइट असतो? मग?"

"आहेच," पाहुणी म्हणाली. "आणि लोकांनी आपल्याला कसं ऐकावं, यात त्यालाही बोलायचा हक्क आहे. दोन्ही खरं आहे."

"मग कोण जिंकतं?"

"आमच्याकडेही याचं एकच उत्तर मिळणार नाही. चिडवायला केलेली योइक असतात, ती कोणी विचारून करत नाही. तू काय करावंस, ते मी सांगणार नाही."

शिक्षक म्हणून मला हे उत्तर अपुरे वाटले. मुलाने नेमका प्रश्न विचारला, तर त्याला नेमके उत्तर मिळावे, अशा शिस्तीत माझी घडण झाली. पण मलाही ते उत्तर देता येत नव्हते.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल बऱ्यापैकी भरला होता. वडील तिसऱ्या रांगेत, आई त्यांच्या शेजारी. मुलीची पाळी आली तेव्हा ती माइकपाशी गेली, आणि ती काय करणार हे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हते. ती म्हणाली, "माझं गाणं रेडी आहे. पण ते बाबाचं आहे. त्यानं ते अजून दिलं नाही. थँक यू." मग ती जागेवर जाऊन बसली. लोकांनी जरा उशिराने टाळ्या वाजवल्या. वडील हातातल्या कार्यक्रमपत्रिकेकडे पाहत होते.

नंतर चहा आणि चिवडा होता. वडिलांच्या ऑफिसातला एक जण त्यांच्यापाशी येऊन म्हणाला, "काय राव, पोरीला गाणं पण देत नाही? एवढं काय आहे त्यात?"

वडिलांनी उत्तर द्यायला तोंड उघडले आणि पहिल्याच 'म'वर ते अडकले. भोवती चारपाच जण उभे होते. एकीने मदत म्हणून, "मजेशीर असेल," असे वाक्य पुरवले. त्यांनी मानेने नाही म्हटले. ते वाक्य सोडून देतील किंवा दुसरा शब्द घेतील, असे मला वाटले. त्यांनी तसे केले नाही. मुलगी शेजारी उभी होती. तिने त्यांच्याकडे न पाहता चिवड्यातले दाणे वेचून खाल्ले. मग शब्द सुटला.

"मी आहे त्यात," ते म्हणाले.

विचारणाऱ्याने, "अच्छा," म्हटले आणि चहा आणू का म्हणून विचारले.

ती चाल त्यानंतर मी ऐकलेली नाही. हे लिहून झाल्यावर मी ते वडिलांना आणि मुलीला वाचून दाखवले. त्यांनी दोन वाक्ये काढायला सांगितली, ती काढली आहेत. मुलीने एक शब्द बदलून घेतला. पाहुणी परत गेली असली, तरी तिलाही मजकूर इंग्रजीत करून पाठवला. आपल्या लोकांविषयी एका सामी बाईने सांगितले म्हणून सगळ्यांचे तेच मत आहे असे कोणी समजू नये, एवढे तिने कळवले.

माझ्यापुरते उत्तर असे: केलेले गाणे करणाऱ्याचे असते, पण लोकांसमोर न्यायचे ते विचारूनच. हे एका मुलीवरून आणि तिच्या वडिलांवरून काढलेले उत्तर आहे, आणि एवढ्यावरून नियम सिद्ध होत नाही. तेव्हा वाचकांना विनंती, की घरातल्या एखाद्या माणसाची चाल बांधावी, ती त्यालाच ऐकवावी, चारचौघांत गाऊ का असे विचारावे, आणि माझे म्हणणे बरोबर आहे की नाही ते स्वतः तपासून पाहावे.