देवघरातलं कार्ड आणि माझं एक ‘थांबा!’

मंडळी, आज मी एक एमआरआय रोखला आणि दुपारपासून छाती फुगवून फिरतेय!

जळगावच्या ज्या स्कॅन सेंटरवर मी टेक्निशियन आहे, तिथे साक्रीकडच्या एक अक्का कंबरेच्या एमआरआयसाठी आल्या. मुलाने फॉर्मवर लिहिलं, शरीरात धातू नाही. अक्कांनी पाटल्या, जोडवी, पोत सगळं काढलं. "बठ्ठं सोनं काढं, आते काय ऱ्हायनं?"

पोत निघाली आणि डाव्या खांद्याखाली जुन्या टाक्यांचा वण दिसला. मी ओरडलेच, "थांबा!"

विचारलं तर, पेसमेकर! दहा वर्षं झाली म्हणून फॉर्म भरताना मुलगा विसरूनच गेलेला. जुन्या पेसमेकरची तार या मशीनमध्ये तापते आणि थेट हृदयाला चटका बसू शकतो.

पेसमेकर बसवताना मिळालेलं कार्ड? देवघरात! जीव वाचवला म्हणून अक्का त्याला रोज हळदकुंकू वाहतात. सुनेने फोटो पाठवला. कुंकवाखाली स्पष्ट छापलेलं, एमआरआय करू नये.

"उशीर का?" म्हणून चिडलेल्या आमच्या डॉक्टरांनी फोटो बघून लगेच सीटी स्कॅन लिहून दिला.

निघताना अक्का म्हणाल्या, "आते तुनीबी पूजा करनी पडी!"

म्हटलं, "माझी नको. कार्ड तेवढं पिशवीत ठेवा."

तुमच्या घरात असं कार्ड कुठे पुजलं जातंय, आज बघाल?