गोलच्या खांबावरचं स्वयंपाकघर

फुटबॉल क्लबच्या मैदानाचं काम मावशींच्या हाती आलं ते अपघाताने. अगदी खरोखरच्या अपघाताने. लग्न होऊन मैदानाच्या टोकाच्या दोन खोल्यांत त्या राहायला आल्या, तेव्हा मैदान सांभाळायचे ते त्यांचे यजमान, आणि त्यांच्याआधी सासरे. चौथ्या वर्षी उतारावर रोलर सुटला आणि यजमानांच्या उजव्या पायावरून गेला. पाय वाचला, पण चालण्यातला जोर गेला तो गेलाच. क्लबची मंडळी दवाखान्यात भेटायला आली, आणि चाचरत म्हणाली, "दुसरा माणूस शोधावा लागेल."

"शोधा की," मावशी म्हणाल्या. "तोवर मी बघते."

ते 'तोवर' एकतीस वर्षं चाललंय.

गवत कापणं त्यांना लवकर जमलं. रेघांनी मात्र नाकी नऊ आणले. पहिल्याच सामन्याआधी गोलकीपर कंबरेवर हात ठेवून म्हणाला, "मावशी, ही रेघ आहे की ओढा?" सगळे हसले. मावशीही हसल्या, पण ते त्यांनी मनाला लावून घेतलं. महिनाभर रोज सकाळी दोन खुंट्यांमध्ये दोरी ताणायची, चुन्याची रेघ मारायची, लांब जाऊन बघायची, पुसायची आणि पुन्हा मारायची. पुढे बाहेरगावचे रेफरी मुद्दाम विचारायला लागले, "रेघा कोण मारतं इथे?"

मैदान तसं साधंच. मुळात तो वीटभट्टीचा खड्डा. छापखान्यातल्या कामगारांनी सुट्टीच्या दिवशी माती टाकून तो बुजवला आणि तिथे क्लब काढला. म्हणून पूर्वेचा कोपरा अजून पाणी धरून बसतो, आणि मावशी त्या कोपऱ्याशी हट्टी लेकराशी बोलावं तशा बोलतात. स्टँड एकच, चारशे माणसांचा. त्यातल्या लाकडी खुर्च्या बंद पडलेल्या नाट्यगृहातून आणल्या. बसवणाऱ्याने नंबर बघितलेच नाहीत, त्यामुळे चौदा नंबरच्या शेजारी दोनशे तीन. कपडे बदलायच्या खोल्या दोन. गरम पाणी येतं ते फक्त पाहुण्या संघाच्या खोलीत. सेक्रेटरी त्याला पाहुणचार म्हणतात. खेळाडू म्हणतात, नळवाल्याने पाइप उलटे जोडले.

अशा या क्लबचा संघ मावशींनी काम घेतल्याच्या तिसाव्या वर्षी जिंकत सुटला आणि वरच्या लीगमध्ये गेला. गावाने खेळाडूंना डोक्यावर घेतलं. पंधरा दिवसांनी लीगचे निरीक्षक आले. शांत, चष्मा लावलेले गृहस्थ. त्यांनी खुर्च्या मोजल्या, दारं मोजली, पाण्याला हात लावून बघितला, आणि मग टेपचं एक टोक मावशींच्या हातात दिलं. मैदानाची लांबी भरली साडेसत्त्याण्णव मीटर.

"शंभर लागतात," निरीक्षक म्हणाले. "आणि गोलच्या मागे मोकळी जागाही हवी. नाहीतर तुमचे सामने दुसऱ्या गावात होतील."

दुसऱ्या दिवशी स्टँडखालच्या ऑफिसात बैठक भरली. एका टोकाला रस्ता, तिथे हलायला वाव नाही. दुसऱ्या टोकाला मावशींच्या दोन खोल्या. हे सगळ्यांना दिसत होतं, म्हणूनच सगळे छताकडे, चहाच्या कपाकडे, एकमेकांच्या चपलांकडे बघत होते. सेक्रेटरींचं औषधांचं दुकान. खोकल्याच्या औषधाबद्दल तासभर बोलतील, पण आज नुसता चहा ढवळत होते.

"शेजारच्या गावात विचारून बघू," ते एकदाचे म्हणाले.

मावशी दाराशी उभ्या होत्या. "कशाला? माझं स्वयंपाकघर मैदानातच आहे."

कुणाला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं. लग्नाच्या पहिल्याच वर्षी मोरीचं पाणी तुंबलं म्हणून स्वयंपाकघराची फरशी उकरली, तर खाली जाडजूड लाकडी बुंधा लागला, पांढऱ्या रंगाचा. सासऱ्यांना विचारलं, तर ते म्हणाले, गोलचा जुना खांब. मैदान आधी तिथपर्यंत होतं. सासऱ्यांना राहायला जागा नव्हती म्हणून क्लबने गोल अलीकडे घेतला आणि या खोल्या बांधून दिल्या.

"इतकी वर्षं बोलला नाहीत?" सेक्रेटरींनी विचारलं.

"इतकी वर्षं वरच्या लीगमध्ये कुठे गेलो होतो आपण?"

सगळे हसले, आणि हसता हसता सेक्रेटरींनी चष्मा काढून पुसला. मावशींनी मग तीन अटी सांगितल्या. स्टँडखालची सामानाची खोली त्या दोघांना राहायला मिळावी. तिला मैदानाकडे उघडणारी खिडकी हवी. आणि यजमानांसाठी दाराला एकही पायरी नको.

बोलून तर बसल्या, पण घराकडे जाताना पावलं जड झाली. यजमानांना विचारलंच नव्हतं. ते दारात खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"अहो, रागावलात?"

"लेक इथे जन्मली," ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "खिडकी किती मोठी?"

मावशींनी दोन्ही हात पसरून दाखवलं.

"मग ठीक."

लेकीने मात्र फोनवर आकांडतांडव केलं. "आई, घर कुणी असं देऊन टाकतं का?" मावशींनी तिला बोलू दिलं. मग म्हणाल्या, "सामान हलवायला येतेस का, ते सांग." ती आली, तीन दिवस राहिली, भांडी कागदात गुंडाळताना दोनदा रडली आणि आईला रडू दिलं नाही.

भिंती पाडायला दोन दिवस लागले. मावशी त्या दिवसांत पूर्वेच्या कोपऱ्यात, घराकडे पाठ करून, काम करत राहिल्या. फक्त स्वयंपाकघराची फरशी निघाली तेव्हा तिकडे गेल्या. खांबाचा बुंधा हाताला भुसभुशीत लागला. त्यांनी तो स्वतः उकरून काढला, खड्ड्यात माती भरली, पाणी मारलं, पायांनी दाबली. चार महिन्यांनी तिथलं गवत उरलेल्या मैदानापेक्षा हिरवं दिसायला लागलं.

नवी खोली लांबट, आणि छत स्टँडसारखंच तिरपं. पहिल्या आठवड्यात यजमानांचं डोकं चारदा आपटलं. सामन्याच्या दिवशी डोक्यावर चारशे जणांचे पाय वाजतात आणि फळीवरचे डबे हलतात. पण खिडकी मोठी आहे. ते दिवसभर तिथे बसतात आणि कुठे गवत पिवळं पडलंय ते मावशींना ओरडून सांगतात. तीस वर्षांत त्यांना मैदान असं अख्खं दिसलं नव्हतं.

निरीक्षक पुन्हा आले. एकशे एक मीटर. त्यांनी सही केली आणि मावशींनी दिलेला चहा खिडकीशी बसून घेतला.

वरच्या लीगमधला पहिला सामना क्लब तीन गोलांनी हरला. लोक माना खाली घालून घरी गेले. मावशी बादलीत माती आणि बी घेऊन मैदानात उतरल्या. बुटांनी उखडलेले गवताचे गठ्ठे त्या एकेक करून जागेवर बसवू लागल्या.

"डावीकडे, गोलजवळ!" खिडकीतून आवाज आला.

"दिसतंय हो मला," मावशी म्हणाल्या आणि डावीकडे वळल्या.