डावखुऱ्याच्या शोधात

चहा गार होण्याआधी माझी फजिती माझ्याच तोंडून ऐकून घ्या. नाहीतर आमच्या सोसायटीतलं कुणीतरी तुम्हाला सांगणारच आहे, आणि तो भरपूर मीठ-मसाला लावून सांगेल.

आम्ही वाशीला राहतो. सोसायटीत गणपती बसले की बॅडमिंटनच्या डबल्स मॅच असतात. गेल्या वर्षी फायनलला मी एका डावखुऱ्याकडून असा हरलो की विचारू नका. शटल डावीकडे येणार म्हणून मी तिकडे धावायचो आणि ते उजवीकडे पडायचं. तो माणूस पुढे पनवेलला राहायला गेला, पण माझ्या डोक्यातून गेला नाही.

विचार करकरून मला कारण सापडलं. आपले डोळे आयुष्यभर उजव्यांचेच फटके बघतात. समोरच्याचा खांदा हलला की शटल कुठे येणार ते मेंदू आधीच ठरवून टाकतो. डावखुरा आला की तो अंदाज चुकतो. हे मी लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये, वॉचमनच्या केबिनपाशी, भेटेल त्याला समजावलं. लोक मला प्रोफेसर म्हणायला लागले, आणि मी ते कौतुक समजलो.

यंदा मला जोडीदार डावखुराच हवा होता. कप तर हवाच होता, पण त्याहून जास्त माझी थिअरी खरी ठरायला हवी होती.

"मी खेळू का तुमच्याबरोबर?" वैशालीनं, म्हणजे बायकोनं, विचारलं. कॉलेजात खेळायची ती.

"अगं, मला डावखुरा माणूस पाहिजे."

तिनं सुरी खाली ठेवली, "बरं" म्हणाली आणि परत दुधी चिरायला लागली.

आता डावखुरा शोधायचा कसा? मी आरतीनंतर प्रसाद वाटायला उभा राहिलो, एकेकाचे हात निरखत. सगळे उजवे. वैशालीनंही घेतला, उजव्याच हातात. प्रसादाला डावा हात पुढे केला तर घरोघरी आया चापट मारतात, हे माझ्यासारख्या संशोधकाच्या लक्षात यायला नको?

तेवढ्यात बी-विंगचे शिंदे दिसले. मूळचे साताऱ्याचे, मार्केटात कांद्याचे व्यापारी. घड्याळ उजव्या मनगटावर! मी तिथल्या तिथे जोडी पक्की केली. प्रॅक्टिसला आले, तर रॅकेट उजव्या हातात.

"शिंदे, मग घड्याळ?"

"आवं, डाव्या मनगटाला घामोळं आलंय."

शहाणा माणूस इथे थांबला असता. मी शिंद्यांना डाव्या हातानं खेळायला शिकवलं. पहिल्याच दिवशी त्यांनी पार्किंगची ट्यूब फोडली. दुसऱ्या दिवशी माझा चष्मा.

पहिल्याच फेरीत समोर कोण? वैशाली आणि म्हात्रेकाका. काका मूळचे दिवाळे गावचे, साठी उलटलेली, एका डोळ्यात मोतीबिंदू. मी मनात म्हटलं, चला, ही फेरी तर निघाली.

वैशालीनं सर्व्हिसला रॅकेट डाव्या हातात घेतली.

"अगं, मस्करी नको. नीट धर," मी म्हणालो.

"नीटच धरलीय."

पुढचं काय सांगू? शटल डावीकडे येणार म्हणून मी तिकडे धावलो आणि ते उजवीकडे पडलं. मग परत तसंच. शिंदे रॅकेट हवेत फिरवत होते, बहुतेक माशा वारत होते. हरलो, आणि चांगलेच हरलो. माझी थिअरी मात्र शंभर टक्के खरी ठरली.

"अरं, ती डावखुरी हाय त्ये आख्ख्या बिल्डिंगला म्हाईत हाय," काका हात मिळवताना म्हणाले. "तू नवरा हायेस का भाडेकरू?"

घरी आल्यावर मी बाजू मांडली. "हे बघ, तू ओट्याऐवजी टेबलावर चिरतेस, मी समोर बसतो. तुझा डावा हात माझ्या उजव्या बाजूला येतो. मेंदू फसणारच."

"मग कधीतरी या बाजूला येऊन बसा की. मेथी निवडायची आहे."

बसलो. माझा उजवा कोपर तिच्या डाव्या कोपरावर आपटत राहिला, आणि इतकी वर्षं मी काय बघत होतो याची मला खरोखर लाज वाटली. निम्मी जुडी संपल्यावर मी हळूच विचारलं, "पुढच्या वर्षी माझ्याबरोबर खेळशील?"

"काकांबरोबरच खेळते," ती काड्या बाजूला करत म्हणाली. "त्यांना मोतीबिंदू आहे, पण दिसतं."