टेक्निकल फाऊल आणि जावेदभाईंचा पाना

हसणार नाही म्हणून आधी कबूल करा, तरच सांगते. अहो, मॅच सुरूसुद्धा झाली नव्हती आणि आमच्या पोरींच्या डोक्यावर मी एक गुण चढवून ठेवला होता!

मी गेवराईच्या एका शाळेत मराठी शिकवते. खेळाचे सर पाय मोडून घरी बसलेले, आणि मुलींच्या बास्केटबॉलच्या मॅचेस आमच्याच मैदानावर. कोच म्हणून कोण बसणार? हेडसरांनी माझ्याकडे बघितलं. मला एवढंच ठाऊक, की बॉल जाळीत गेला की टाळ्या वाजवायच्या. पण पोरी वर्षभर उन्हातान्हात राबल्या होत्या हो! नाही कसं म्हणणार?

मॅचआधी पंचांनी दोन्ही कोचना बोलावलं. अंबाजोगाईचे पंच, मिशीसुद्धा शिस्तीत कापलेली. म्हणाले, "टेक्निकल फाऊलचं नीट ध्यानात घ्या. मॅच सुरू व्हायच्या आधी झाला, तरी समोरच्या टीमला फ्री थ्रो देणार."

समोरच्या टीमच्या, केजच्या कोचनी मान हलवली. मीही हलवली, त्यांच्यापेक्षा जोरात! आता मराठीच्या बाईनं शब्दाचा अर्थ विचारायचा का? टेक्निकल म्हणजे तांत्रिक, फाऊल म्हणजे दोष. तांत्रिक दोष! मैदान आमचं, म्हणजे रिंग ढिली निघाली की फ्री थ्रो केजला.

शाळेच्या गेटासमोर जावेदभाईंचं मोटारसायकलचं गॅरेज आहे. धावत गेले. "जावेदभाई, पाना घ्या, शिडी घ्या, चला!"

"काय बिगडलं, मॅडम?"

"बिघडायच्या आधीच चला!"

दोन्ही टीम सराव करत होत्या. जावेदभाईंनी थेट केजच्या पोरींसमोर शिडी लावली आणि चढले. बोल्ट आवळता आवळता वरून ओरडले, "मॅडम, लई ढिली हाय!"

मी ऐटीत चौफेर बघितलं. वाचवलं की नाही पोरींना?

तेवढ्यात शिट्टी. पंच तरातरा आले. "कोण आहे हा माणूस? खाली उतरा!"

"मॅडमनं चढवलंय," जावेदभाई म्हणाले. "उतरू का, मॅडम?"

"मुळीच उतरू नका! सर, टेक्निकल राहता कामा नये."

"मॅडम, सराव थांबलाय. बाजूला व्हा."

"अहो, नियम तुम्हीच सांगता आणि तुम्हीच अडवता? ही कुठली पद्धत?" शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं बोलायची सवय, आवाज पार रस्त्यावर गेला.

पंचांनी एक तळहात आडवा धरला, दुसऱ्या हाताची बोटं त्याला खालून टेकवली आणि कडाडले, "टी!"

मला एकदम कसंसंच झालं. बिचारे सकाळपासून उन्हात उभे! आवाज मऊ करून म्हटलं, "सर, आधी नाही का सांगायचं? जावेदभाई, उतरा, एक चहा सांगा. साखर किती, सर?"

अख्खं मैदान हसायला लागलं. जावेदभाई शिडी धरून हसत होते. आमची कॅप्टन अश्विनी पळत आली.

"मॅडम, चहा न्हाई वो! टी म्हंजी टेक्निकल! फाऊल दिला तुमाला! पंचाशी भांडलं की मिळतो त्यो. तुमी कशाला बोललात?"

केजच्या पोरीनं शांतपणे फ्री थ्रो मारला. बॉल आत. मॅच अजून सुरू व्हायची होती आणि आम्ही एका गुणानं मागे!

मग मी जी बसले, ती पदराचा बोळा तोंडात धरून. पोरी मात्र अशा खेळल्या म्हणून सांगू! केजला हरवलं. अश्विनी घामेजल्या अंगानं येऊन गळ्यातच पडली. म्हणाली, "मॅडम, तुमी आमच्यासाठीच केलतं, ठावं हाय आमाला." मी रडलेच.

दुपारी फायनल. पंचांनी पुन्हा कोच आणि कॅप्टनना बोलावलं. "नियमांबद्दल कुणाला काही शंका?"

मी ओठ घट्ट मिटून उभी. अश्विनीनं हात वर केला.

"सर, आमच्या मॅडमला पब्लिकमदी बसवलं तर नियमात बसतं का?"

मी तोंड उघडलं. पंचांनी नुसता एक तळहात आडवा धरला.

मी पर्स उचलली आणि पब्लिकमध्ये जावेदभाईंच्या शेजारी जाऊन बसले.