नायिकेची आई

औरंगाबादच्या नाट्यगृहात एका कवितेवरची संगीतिका होती. सुरू होण्याआधी कवितेची ओळख मी करून द्यायची होती. घरातला पहिला पदवीधर मी; ऐटीत बोललो, आणि शेवटी नायिका विहिरीत उडी घेते हेही सांगून टाकलं.

खाली येऊन बसलो, तर शेजारची बाई सारखी पदराला गाठ मारत होती, सोडत होती. सोयगावाहून आलेली. नायिका तिचीच लेक.

"मरती व्हय ती? मला तर नुसतं गाणं हाय म्हनली."

"मावशी, कवितेतच तसं आहे."

"लिहिनाऱ्याला लेक नसंल."

विहिरीचा प्रसंग आला तशी ती उठली आणि रंगमंचाकडं पाठ करून उभी राहिली. मागचे लोक "बसा की ओ" म्हणून ओरडले, तरी हलली नाही. मलाच दोनदा विचारलं, "झालं का?"

पडदा पडून पुन्हा उघडला. लेक हसत नमस्कार करत होती.

"आली बघा वर," मी म्हणालो.

ती वळली, लेकीकडं बघत स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली आणि मग खाली बसली.

आजही शेवट सांगण्याआधी, समोर कुणाची आई बसलीय का, ते मी बघतो.